तालुक्याच्या कलादालनात पहिलं प्रदर्शन: बुकिंगपासून चित्रं उतरवेपर्यंत

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन कसं मिळवायचं हे सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. पण नगरपरिषदेच्या कलादालनात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नाहीतर नाट्यगृहाला चिकटून असलेल्या हॉलमध्ये चार-पाच दिवसांचं प्रदर्शन लावायचं असेल तर कोणाला विचारायचं हेच कळत नाही. मी कोल्हापूर-कोकण पट्ट्यात स्वतःची आणि ग्रुपची प्रदर्शनं लावत आलेय, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. कोल्हापूरच्या शाहू स्मारकसारखं नावाजलेलं कलादालन असो की तालुक्याच्या गावातला साधा हॉल, गोष्टी बऱ्याचशा त्याच असतात, फक्त छोट्या गावात सगळं आपल्यालाच करायला लागतं.

सुरुवातीलाच एक सांगते. जहांगीर १९५२ पासून काळा घोड्याला आहे, तिथे फुटपाथवरून जाणारा माणूस सहज आत वळतो. आपल्याकडे सहज कोणी वळत नाही. लोक दारापर्यंत येतात, आत डोकावतात, सरकारी काहीतरी चालू असेल, तिकीट असेल, चपला काढायच्या की नाही, असा विचार करतात आणि पुढे भाजी घ्यायला जातात. त्यामुळे रोज संध्याकाळी दालनात काय चालू असणार आहे हे आधी ठरवा आणि भिंतीवर काय लावायचं ते त्यानंतर. मी खाली ९ नंबरला कार्यक्रमांवर भरपूर लिहिलंय, घाई असेल तर तेवढं तरी वाचाच.

१. हॉल डोळ्यांनी बघून या, टेप घेऊन

फोनवर "मोठा आहे हो हॉल" असं सांगतात, त्याला काही अर्थ नाही. टेप घेऊन जा आणि भिंतींची लांबी मोजा, त्यातून दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, देणगीदारांच्या नावाची फरशी आणि महापुरुषांच्या तसबिरी वजा करा. उरते ती तुमची खरी भिंत. आता हिशोब असा, हाफ इम्पिरियल म्हणजे १५ बाय २२ इंचाचा कागद असेल तर चारी बाजूंनी तीन इंच माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची कड) आणि फ्रेमची एक इंचाची पट्टी धरून फ्रेम जाते २३ बाय ३० ला. उभी लावली आणि मध्ये फूटभर जागा सोडली तर एका चित्राला साधारण तीन फूट भिंत लागते, म्हणजे ९० फूट भिंत असेल तर ३० चित्रं, आडवी असतील तर २५ च्या वर जाऊ नका. हा हिशोब न करता ५० फ्रेमा करून आणणारे लोक मी बघितलेत, मग अर्ध्या फ्रेमा टेबलाखाली.

बाकी काय बघायचं: चित्रं टांगायला वर रेल आहे का, साखळ्या आणि हूक हॉलचे आहेत की आपले आणायचे, भिंतीला खिळा मारलेला चालतो का (बहुतेक ठिकाणी चालत नाही), प्लायचे पॅनेल मिळतात का आणि ते उभे राहतात का. भिंतीला हात लावून बघा, ओल असेल तर लगेच कळते, पश्चिमेच्या भिंतीला विशेष. दुपारी चारला ऊन कुठून येतं ते बघा. पंखा चालू करून बघा, कारण काही ठिकाणी पंखा लावला की पॅनेलवरची हलकी चित्रं डुलायला लागतात. प्लग पॉइंट किती, त्यातले चालू किती. टॉयलेट उघडं असतं का. पायऱ्या किती आहेत, म्हाताऱ्या माणसांना चढता येतील का.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किल्ली कोणाकडे असते. वॉचमनकाकांचं नाव आणि नंबर पहिल्याच भेटीत घ्या, त्यांच्याबरोबर एक चहा घ्या. पुढचे सगळे दिवस तुमचं प्रदर्शन त्यांच्या हातात आहे, साहेबांच्या नाही.

२. तारीख धरताना

आमच्या भागात जून ते सप्टेंबर टाळाच. पाऊस असतो म्हणून माणूस येत नाही हे एक, आणि कागदावर बुरशी धरते हे दुसरं, जलरंगाची चित्रं काचेच्या आत दमट हवेत आठवडाभर राहिली तर माउंटवर पिवळे ठिपके यायला लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात चांगला काळ. फेब्रुवारी-मार्चला दहावी-बारावी असते, घरात एक मूल परीक्षेला असेल तर अख्खं घर बाहेर पडत नाही. एप्रिलमध्ये १५ तारखेला जागतिक कला दिन असतो, लिओनार्दोचा जन्मदिवस, त्या निमित्ताने काही करायचं असेल तर करा पण संध्याकाळी साडेपाचच्या आधी कोणी फिरकणार नाही एवढं ऊन असतं.

आठवडी बाजाराचा दिवस प्रदर्शनात आला तर लोक म्हणतात गर्दी, पार्किंग, नको. मला उलट वाटतं. हॉल एसटी स्टँडजवळ असेल तर बाजाराला आलेली खेड्यातली मंडळी गाडीची वाट बघत असतात, बाहेर नीट बोर्ड लावला आणि कोणीतरी दारात उभं राहून "या की आत, तिकीट नाही" म्हणालं की येतात. आणि ही माणसं चित्राजवळ जाऊन बघतात, शहरातल्यासारखं लांबून मान हलवून पुढे जात नाहीत.

निवडणूक जवळ असेल तर आधी चौकशी करा. आचारसंहिता लागली की नगरपरिषदेचे हॉल, पदाधिकाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन, पत्रिकेवरची नावं, सगळ्यावर प्रश्न येतो, आणि कार्डं छापून झाली असतील तर तेवढे पैसे पाण्यात.

३. अर्ज आणि कागदपत्रं

तोंडी "घ्या हो, तुमचाच हॉल आहे" याच्यावर अजिबात राहू नका. अर्ज लिहून द्या, नगरपरिषदेचा हॉल असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, संस्थेचा असेल तर कार्यवाहांच्या नावे, आणि तुमच्या कॉपीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. ऐनवेळी कुठलीतरी सरकारी बैठक आली की ज्याच्याकडे पावती आहे त्याचंच ऐकलं जातं, आणि कधीकधी त्याचंही नाही, म्हणून "अचानक हॉल काढून घेतला तर पैसे परत की तारीख बदलून" हे आधीच विचारून ठेवा.

सोबत लागतं ते असं:

- अर्ज दोन प्रतीत, त्यात तारखा, वेळ आणि कार्यक्रमांचं स्वरूप
- आधार आणि पॅनची झेरॉक्स
- अनामत परत मिळण्यासाठी कॅन्सल केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान
- पाच-सहा चित्रांचे प्रिंट आणि एक पानभर परिचय
- चित्रांची यादी: नाव, माध्यम, आकार, किंमत
- ग्रुप असेल तर प्रत्येकाचं सहीचं संमतीपत्र
- बाहेर स्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी
- शाळांना द्यायचं पत्र, मुख्याध्यापकांच्या नावे

भाड्याचा दिवस कधी सुरू होतो ते विचारा. चित्रं लावायचा दिवस आणि उतरवायचा दिवस बिलात धरतात का? पाच दिवस म्हणून घेतलं आणि त्यातला एक लावण्यात, एक उतरवण्यात गेला तर प्रदर्शन तीनच दिवसांचं. लाइटबिल वेगळं का, खुर्च्या-टेबलं वेगळी का, विक्रीवर टक्केवारी घेतात का, हे सगळं पावतीवर नाहीतर पत्रावर लिहून घ्या.

ग्रुपमध्ये करताय तर खर्च माणशी वाटू नका, भिंतीच्या फुटांवर वाटा. ज्याला १५ फूट पाहिजे त्याने १५ फुटांचे पैसे द्यावेत. दाराजवळची भिंत कोणाची यावरून मैत्री तुटते, त्यासाठी चिठ्ठ्या टाका.

४. चित्रं निवडणं

कमी लावा. जत्रा भरल्यासारखं एकाखाली एक लावलं की लोक चित्र बघतच नाहीत, भिंत बघतात.

गावातल्या प्रदर्शनात ओळखीच्या जागा असणं फार उपयोगाचं. कोल्हापूरकडे ही परंपराच आहे, चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत आले आणि त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा ही तळी, आजूबाजूचा परिसर रंगवला, आजही तिकडची पोरं रविवारी बोर्ड घेऊन पंचगंगेच्या घाटावर बसलेली दिसतात. तुमच्या गावातला घाट, जुना वाडा, एसटी स्टँड, बाजारपेठेतला बोळ, हे असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. माझ्या एका चित्रासमोर एक आजी बराच वेळ उभ्या होत्या, बाजारपेठेचं चित्र, मला वाटलं रंग आवडले, तर त्या नातीला बोट दाखवून सांगत होत्या की हा जिना म्हणजे जोशांकडचा नाही, जोशांकडे कठडा लोखंडी होता, हा लाकडी कठडा म्हणजे त्याच्या पलीकडचा. मग पलीकडच्या घरात कोण राहायचं ते सगळं. असल्या गप्पा ऐकायला माणसं थांबतात आणि थांबली की बाकीची चित्रंही बघतात.

अमूर्त चित्रं लावू नका असं मी म्हणत नाहीये, जरूर लावा. फक्त "हे काय आहे?" या प्रश्नाला चिडू नका, दिवसभरात तो शंभरदा येणार.

नेटवरच्या फोटोवरून काढलेली चित्रं मात्र बाजूला ठेवा. फोटो काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो, आणि हल्ली कोणीही मोबाईलवर चित्राचा फोटो टाकून मूळ फोटो शोधून काढतं, मग भर हॉलमध्ये शोभा होते. देवादिकांची किंवा महापुरुषांची चित्रं असतील तर हॉलवाल्यांना आधी दाखवून घ्या. तुम्हाला काही वावगं वाटत नसेल पण तक्रार आली तर पहिला फोन त्यांना जाणार आहे.

५. फ्रेम

खर्चाचा मोठा भाग इथे जातो, हॉलच्या भाड्यापेक्षा जास्त. म्हणून एकाच, फारतर दोन मापांत चित्रं करा, म्हणजे त्याच फ्रेमा पुढच्या प्रदर्शनाला वापरता येतात. पट्टी साधी, काळी किंवा लाकडी रंगाची. सोनेरी नक्षीची पट्टी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, चित्र लग्नाच्या फोटोसारखं दिसायला लागतं.

चित्रं टेम्पोतून जाणार असतील तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट बरी, वजन कमी आणि फुटायची भीती नाही, पण तिला ओरखडे पडतात, कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. मागे हार्डबोर्ड लावून कडेने टेप मारून घ्या, नाहीतर कसर आत शिरते. मागचे रिंग वरच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश खाली, आणि दोरी नायलॉनची घ्या, सुतळी नको.

तैलरंग असतील तर फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधी बोट लावून बघा. जाड रंग वरून वाळलेला वाटतो आणि आत महिनोन्महिने ओला असतो. आणि फ्रेमवाल्याला तारीख सांगताना प्रत्यक्ष तारखेच्या आठ दिवस आधीची सांगा, हे सगळ्यांना माहीत असतं तरी सांगते.

प्रत्येक फ्रेमच्या मागे तुमचं नाव, फोन, चित्राचं नाव आणि यादीतला नंबर चिकटवा.

६. चित्रं लावण्याचा दिवस

सामान: टेप, पेन्सिल, लेव्हल, एस हूक, साखळी नाहीतर मजबूत नायलॉन दोरी, पक्कड, कात्री, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप, खोडरबर, जास्तीचे रिंग आणि स्क्रू, स्टूल नाहीतर घडीची शिडी, मऊ फडकी, एक्स्टेंशन बोर्ड, दोन जास्तीचे बल्ब. बांधून नेताना जुन्या चादरी आणि गोधड्या वापरा, फ्रेमा काचेला काच आणि पाठीला पाठ अशा जोडीने उभ्या ठेवा, आडव्या रचू नका.

आधी सगळी चित्रं भिंतीला टेकून जमिनीवर मांडा. तासभर फक्त फिरा आणि अदलाबदल करा. दारातून आत आल्यावर जी भिंत समोर दिसते तिथे सगळ्यात जोरकस चित्र.

उंचीचं गणित सोपं आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचावर, म्हणजे साधारण १४५ सेंटीमीटर, आला पाहिजे, जगभरात बऱ्याच म्युझियममध्ये हेच चालतं. समजा फ्रेम ३० इंच उंच आहे, तर निम्मी १५, म्हणजे वरची कड येणार ७२ इंचावर. आता फ्रेममागची दोरी मध्यावर बोट अडकवून वर ताणून धरा आणि तो मध्य फ्रेमच्या वरच्या कडेपेक्षा किती खाली येतो ते मोजा, समजा ४ इंच. मग हूक ६८ इंचावर. एकदा हे केलं की पुढची सगळी चित्रं पटापट लागतात. आपल्याकडे सगळे फार उंच लावतात, तसबिरी लावायची सवय असते ना, मदतीला आलेला प्रत्येक काका "अजून जरा वर घे" म्हणणार. घेऊ नका. शाळेची मुलं येणार आहेत.

लाइट समोरून सरळ मारला की काचेत फक्त बल्ब दिसतो. वरून तिरपा, उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आसपास. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटमध्ये सगळे पिवळे-तांबडे रंग मरतात, हॉलमध्ये तेवढंच असेल तर दोन-तीन पिवळसर एलईडी स्पॉट भाड्याने आणा, मंडपवाल्याकडे नाहीतर फोटो स्टुडिओवाल्याकडे मिळतात.

७. लेबल, किंमत, विक्री

लेबलवर चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष. आकार लिहिताना आधी उंची मग रुंदी. मराठीतच लिहा, जलरंग, तैलरंग, अ‍ॅक्रिलिक, चारकोल, आणि टाइप झाल्यावर दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

किंमत लेबलवर लिहायची की वेगळी यादी ठेवायची यावर वाद आहे. माझं मत, छोट्या गावात लेबलवरच लिहा. विचारायला लोकांना संकोच वाटतो आणि न विचारताच निघून जातात. आकड्याला घाबरून मागे गेलेला माणूस तसाही घेणार नव्हता. मोठ्या चित्रांबरोबर एका टेबलावर छोटी स्केचेस, पोस्टकार्डं, प्रिंट ठेवा, खरी विक्री त्याचीच होते, निदान पहिल्या वेळी. "शेवटचं किती?" हा प्रश्न येणारच, उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि सगळ्यांना एकच सांगा, कारण गावात सगळे एकमेकांना ओळखतात आणि कोणाला कितीला दिलं हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळतं.

विकलेल्या चित्राला लाल टिकली लावा पण चित्र शेवटच्या दिवशीच द्या. "पाहुणे आलेत, आत्ताच द्या" म्हणतील, एकदा दिलंत की भिंतीला भोक पडतं आणि मग दुसराही मागतो. ॲडव्हान्स घ्या, पावती द्या, यूपीआयचा कोड टेबलावर चिकटवून ठेवा.

चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखी करून दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, म्हणजे विकत घेणारा ते भिंतीवर लावेल पण कॅलेंडरवर छापायचं तर तुम्हाला विचारावं लागेल. याला एक अपवाद आहे, कोणी पैसे देऊन स्वतःचं किंवा घरच्यांचं पोर्ट्रेट करून घेतलं तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास हक्क त्या माणसाचा. प्रदर्शनात पोर्ट्रेटच्या ऑर्डरी हमखास येतात, त्यामुळे प्रदर्शनात लावायची परवानगी ऑर्डर घेतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या.

८. निमंत्रण आणि उद्घाटन

छापील कार्डं थोडीच काढा पण हाताने नेऊन द्या. शंभर जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कार्डापेक्षा वीस घरी जाऊन दिलेल्या कार्डाला जास्त माणसं येतात, निदान आमच्याकडे तरी. गावातल्या निवृत्त ड्रॉइंग सरांना विसरलात तर संपलंच. निम्म्या गावाला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना त्यांनीच बसवलेलं असतं, ते आले की त्यांचे विद्यार्थी येतात, आणि ते आता डॉक्टर, वकील, दुकानदार असतात.

पेपरसाठी पानभर नाही, दहा-बारा ओळींची बातमी आणि एक स्वच्छ फोटो, स्थानिक वार्ताहराला आदल्या दिवशी दुपारपर्यंत. नावं पदांसकट बरोबर लिहून द्या.

फ्लेक्स परवानगीशिवाय चौकात लावू नका, सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे, नगरपरिषद उतरवून नेते, वर दंड. हॉलच्या दारात एक उभा बोर्ड आणि त्यावर ठळक अक्षरांत "प्रवेश विनामूल्य, आत या" एवढं पुरतं.

प्रमुख पाहुणे उशिरा येतात. यावर उपाय नाही, फक्त तयारी असते. मी असं करते की दीपप्रज्वलन जमलेल्यांतल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाच्या हातून वेळेवर करून टाकायचं, लोकांना चित्रं बघू द्यायची, आणि पाहुणे आले की त्यांचे दोन शब्द. समई पंख्याखाली आणि चित्रांच्या जवळ ठेवू नका. भाषणं तीनच्या वर नकोत. सत्कारांची यादी मात्र दोनदा तपासा, शाल-श्रीफळ कोणाला राहिलं हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

९. रोज संध्याकाळी काहीतरी

उद्घाटनाच्या दिवशी हॉल भरतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि वॉचमनकाका. हे टाळायचं तर रोज एक कार्यक्रम ठेवा, मोठा नको. कार्डावरच दिवस आणि वेळेसकट छापा.

सगळ्यात जास्त गर्दी खेचतं ते व्यक्तिचित्रणाचं प्रात्यक्षिक. दीड-दोन तासांत समोर बसलेल्या माणसाचं चित्र होतं, हे बघायला लोक उभे राहतात. मॉडेल म्हणून कॉलेजची देखणी पोरं नको, गावाला माहीत असलेला चेहरा घ्या, जुने पोस्टमन, भजनी मंडळातले बुवा, भांड्यांच्या दुकानातल्या मावशी. साम्य जमतंय का नाही हे प्रत्येकाला कळतं, त्यामुळे प्रत्येकजण परीक्षक. एकदा बुवांना बसवलं होतं आणि त्यांचा नातू इझलला (चित्राचा बोर्ड ठेवायच्या स्टँडला) चिकटून उभा, दर पाच मिनिटांनी आजोबांना ओरडून सांगायचा, "आबा, नाक अजून आलं नाही!" सगळा हॉल हसायचा आणि बुवांना हसता येईना, पोझ मोडेल म्हणून. चित्रकार मिळत नसेल तर देवरुख, सावर्डे, कोल्हापूर इथल्या कला महाविद्यालयांत फोन करा, शेवटच्या वर्षाची मुलं छान करतात, त्यांना जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन द्या, नुसतं गुलाबाचं फूल देऊन बोळवण करू नका.

मांडणी अशी: मॉडेल थोडा उंचावर, एका बाजूनेच प्रकाश, चित्रकार त्याच्या बाजूला तिरका, म्हणजे मागे बसलेल्यांना चेहरा आणि कागद दोन्ही एका नजरेत दिसतात. पुढच्या दोन रांगा लहान मुलांना सतरंजीवर, मागे खुर्च्या, त्यामागे उभे. मॉडेलला वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती. पिण्याचं पाणी जवळ.

शाळांचं काम सकाळी. पत्र द्या, पण तेवढ्यावर थांबू नका, ड्रॉइंगच्या किंवा वर्गाच्या बाईंना भेटा, त्यांनी मनावर घेतलं तरच होतं. एका वेळी चाळीसच मुलं. दोनशे मुलं रांगेने एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर काढली तर रजिस्टरला आकडा मिळतो, बाकी काही नाही. प्रत्येकाला एक कागद द्या, त्यावर चार-पाच कामं: निळा दरवाजा कुठल्या चित्रात आहे, ज्या चित्रात पाऊस पडून गेलाय ते शोधा, तुम्हाला ज्या चित्रात जाऊन बसावंसं वाटतं त्याचा नंबर लिहा. मग सतरंजीवर बसून खडूंनी चित्र. पाण्याचे रंग हॉलमध्ये आणूच नका. मुलांनी काढलेली चित्रं बाहेरच्या व्हरांड्यात दोरीला चिमटे लावून टांगा, संध्याकाळी तीच मुलं आईबाबांना, आजीला ओढत घेऊन येतात, कारण त्यांचं चित्र लागलंय.

चित्रकला स्पर्धा मात्र मी टाळते. माणसं येतात, खोटं कशाला बोला, पण पालक खिडकीतून सूचना देतात, निकालावर भांडणं होतात, प्रमाणपत्रावरचं नाव चुकतं, आणि सगळा दिवस चित्रांऐवजी बक्षिसांत जातो. वर्कशॉप ठेवा, सगळ्यांना एकच प्रमाणपत्र.

रविवारी सकाळी घाटावर किंवा बाजारपेठेत सगळ्यांनी मिळून स्केचिंग, ज्याला यायचं तो येईल, बोर्ड आणि कागद आपण पुरवायचे, आणि ती स्केचेस दुपारी एका पॅनेलवर लावायची. याला पैसे फार लागत नाहीत आणि गावातले लपलेले चित्रकार बाहेर येतात, बँकेत नोकरी करणारे, रिटायर झालेले, रोज रात्री वहीत काहीतरी काढणारे. पुढच्या ग्रुप शोला यांच्यातलेच चार जण सापडतात.

एखाद्या संध्याकाळी प्रोजेक्टर वगैरे न लावता तीन चित्रांसमोर उभं राहून बोला, हे कुठे बसून केलं, रंग कुठला, कुठे अडलं. अर्धा तास पुरे. एखादा दिवस सातारा जिल्ह्यातल्या औंधला सहल काढायचा विचारही चांगला, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय आहे तिथे, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प आहे, आणि सातारा-सांगलीकडच्या किती मुलांनी ते बघितलेलंच नसतं. प्रदर्शनात नावं नोंदवून घ्या, सहल नंतर.

१०. दालनात बसणं

कोणीतरी कायम पाहिजे. दुपारी एक ते चार बंद ठेवलं तरी चालतं, पण तसं बोर्डावर लिहा आणि चारला म्हणजे चारला उघडा. आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरू नका, त्याला एक फेरी मारू द्या, मग नमस्कार करा. अभिप्रायाची वही दाराजवळ, पेन दोरीने बांधलेलं, आणि फोन नंबरसाठी वेगळा रकाना. "छान", "अप्रतिम", "खूप सुंदर" याने वही भरेल, त्यातून तुम्हाला उपयोग नंबरांचाच आहे.

हात लावणाऱ्यांना ओरडू नका. टेबलावर एक जुना कॅनव्हास ठेवा, त्यावर लिहा "याला हात लावून बघा". निम्मा प्रश्न सुटतो.

रात्री जाताना स्वतः दिवे, पंखे, खिडक्या बघा आणि चित्रं मोजा.

११. उतरवणं आणि नंतरचं

शेवटच्या दिवशी मदतीला कोणी नसतं, म्हणून दोन माणसं आधीच सांगून ठेवा. यादी हातात घेऊन एकेक चित्र उतरवा आणि टिक करा. विकलेली चित्रं वेगळी, घेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून. भिंतीवरचे टेपचे डाग, पेन्सिलच्या खुणा पुसा, हॉल झाडून घ्या आणि मोकळ्या हॉलचे मोबाईलवर फोटो काढा, अनामतीच्या वेळी "भिंत खराब केली" असं कोणी म्हणालं तर ते दाखवता येतात.

पेपरची कात्रणं, कार्ड, हॉलचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. पुढे राज्य कला प्रदर्शनाला चित्र पाठवाल, बॉम्बे आर्ट सोसायटीला पाठवाल, मोठ्या गॅलरीत अर्ज कराल, तेव्हा आधी काय काय केलं हे लिहायला लागतं आणि तारखा आठवत नाहीत.

शाळांना आणि प्रात्यक्षिक करणाऱ्यांना फोटोसकट आभाराचं पत्र आठवड्याच्या आत. अनामत आपोआप परत येत नाही, मूळ पावती घेऊन जावं लागतं, आणि साहेब मीटिंगला गेलेले असतात. दोन-तीन फेऱ्या धरून चाला. जाताना पुढच्या वर्षीचा अर्जही लिहूनच न्या, त्याच खिडकीवर तोही आवक करून घ्या. डिसेंबरचे शनिवार-रविवार सगळ्यात आधी जातात.